खांदा-कोपर धरलेल्या जिमवाल्यांसाठी : जळगावचं फिजिओ सेंटर, ४ स्टार

जळगावात जिम गल्लोगल्ली झाल्या पण खांदा धरला तर जायचं कुठं हा प्रश्न तसाच आहे भो, बहुतेक ठिकाणी पेनकिलर देतात आणि "जिम बंद करा" म्हणतात, म्हणून रिंग रोडकडच्या या सेंटरबद्दल लिहितोय. एक स्टार कुठं कापला ते खाली सांगतो.

माझं दुखणं नेहमीचंच, बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून छातीवरून बार ढकलायचा) मारताना बार छातीपर्यंत आला की उजव्या खांद्यात टचकन कळ, आणि रात्री त्या कुशीवर झोपायची सोय नाही. तिथल्या फिजिओ मॅडमनी आल्या आल्या एमआरआय नाही सांगितला. दोन्ही हात समोर जरा तिरके धरायला लावले, अंगठे जमिनीकडे, आणि वरून दाबलं. डावा जागचा हलला नाही, उजवा लगेच खाली. मग माझा बेंचचा व्हिडिओ मोबाईलवर दोनदा बघितला (असं बघणारा डॉक्टर मला तरी आधी भेटला नव्हता) आणि म्हणाल्या कोपरं अंगापासून ९० अंशात उघडताय, ४५ च्या आसपास आणा. खांद्याचा गोळा जागेवर धरणारे चार छोटे स्नायू असतात, रोटेटर कफ म्हणतात त्याला, त्यातल्या वरच्याचा टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) दुखावलाय. मानेमागून मारायची प्रेस आणि हनुवटीपर्यंत खेचायची अपराइट रो सध्या बंद, बाकी पाय, पाठ सगळं चालू ठेवा म्हणाल्या. इथंच पैसे वसूल झाले.

व्यायाम दिसायला एकदम फालतू. काखेत टॉवेलची गुंडाळी दाबायची, दाराच्या कडीला बांधलेला पिवळा रबर बँड हळूहळू बाहेरच्या बाजूला खेचायचा, गुंडाळी पडली की परत पहिल्यापासून. १०० किलोच्या गप्पा मारणारे त्या रबरानं थरथरताना बघितलेत मी तिथं. आणि आठवड्यात बरं होत नाही हे आधीच सांगून टाकतात, कारण टेंडनला स्नायूएवढं रक्त मिळत नाही, भरायला महिने जातात. स्टेरॉइड घेणाऱ्यांचं तर अजून अवघड, स्नायू भराभर फुगतो, टेंडन मागंच राहतो.

माझ्या शेजारी रावेरकडचा एक पोरगा होता, दिवसभर केळीचे घड गाडीत भरायचे आणि संध्याकाळी डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचा बार उचलायचा), कंबर जाणारच ना. मॅडमनी त्याला आधी घड उचलायला शिकवलं, डेडलिफ्ट नंतर. दुसऱ्या एकाचं "टप्प" असा आवाज होऊन कोपराजवळ काळंनिळं पडलेलं आणि बायसेपचा (दंडाच्या पुढच्या स्नायूचा) गोळा वर सरकलेला, उलटसुलट पकडीनं डेडलिफ्ट मारत होता, तळवा वर असलेल्या हाताचा गेला. त्याला मशीनबिशीन काही न लावता सरळ हाडांच्या सर्जनकडे पाठवलं, कारण तुटलेला टेंडन लवकर शिवला तरच नीट बसतो. गिऱ्हाईक सोडून दिलं म्हणजे बाई प्रामाणिक. बॉडीबिल्डिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा मिस्टर ऑलिंपिया सहा वेळा जिंकलेल्या डोरियन येट्सचा १९९४ ला बायसेप आणि १९९७ ला दंडामागचा ट्रायसेप फाटला, आपण तर पिंप्राळ्याच्या जिमवाले.

आता कापलेला स्टार. पॅकेजचे पैसे आधीच भरायला लावतात ते मला पटलं नाही. दर वेळी आधी पंधरा मिनिटं करंटचं मशीन लावून ठेवतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण खरा फरक व्यायामानंच पडतो आणि व्यायाम बघणारी मॅडम एकच, त्यामुळं संध्याकाळी सातनंतर बाकड्यावर जागा नसते. उन्हाळ्यात एक कूलर पूर्ण हॉलला पुरत नाही, मे महिन्यातलं जळगाव तुम्हाला माहितीये.

सकाळी जा, ढगळ बनियन घालून जा, आणि दुखणारा सेट मोबाईलवर बाजूनं शूट करून न्या, समोरून घेतलेल्यात बार कसा उतरतो ते नीट कळत नाही म्हणतात.