पाणी तपासणीच्या नावाखाली साडेचौदा हजारांना फसवलं, सिंहगड रोड-धायरीवाल्यांनी नक्की वाचा

हे लिहायला उशीर झालाय पण आता लिहितेच, कारण परवा मैत्रिणीच्या सोसायटीत पण असेच दोघं येऊन गेले.

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट आहे. पुण्यातला जीबीएसचा (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) धसका सगळ्यांना आठवत असेल, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, आमच्याच भागात पेशंट जास्त होते, रोज बातम्यांत विहीर, टँकर, पाणी हेच. महापालिकेची माणसं खरोखर घरोघरी सर्व्हे करून गेली होती, खासगी आरओ प्लांट सील होत होते. म्हणून दुपारी गळ्यात आयकार्ड, हातात रजिस्टर घेऊन दोघं जण आणि एक बाई आल्या तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही. वॉचमनला त्यांनी सांगितलं आरोग्य विभागाकडून आलोय, सोसायटीचा स्विमिंग पूल आणि घरातलं पाणी तपासायचंय.

आधी पूलवर गेले. ग्लासात पूलचं पाणी घेतलं, त्यात दांड्या असलेलं एक मशीन बुडवून प्लग लावला आणि अक्षरशः मिनिटभरात पाणी तपकिरी, वर गाळाचा फेस. आमची पोरं रोज त्यात पोहतात हो! चेअरमननी तिथल्या तिथे पूल बंद केला, पूल सांभाळणारा मुलगा सांगत होता मी सकाळीच क्लोरीन चेक केलंय, त्याचं कुणी ऐकलंच नाही.

मग घरी आले. आमच्या नळाचं पाणी तसंच तपकिरी झालं आणि त्यांनी बाटलीतून आणलेलं "शुद्ध" पाणी मात्र जसंच्या तसं. सासूबाईंना शुगर आहे, त्या घाबरून रडायलाच लागल्या, दोन दिवस पाण्याला हात लावेनात. ती बाई अगदी मायेनं म्हणाली, "आजी घाबरू नका, सध्या सबसिडीत फिल्टर मिळतोय, बाहेर बावीस हजाराचा आहे, तुम्हाला साडेचौदा." पाच हजार तिथेच यूपीआयने दिले, बाकीचे दुसऱ्या दिवशी फिटिंग करायला आले तेव्हा कॅश. पैसे गेले ते एका माणसाच्या नावावर, आरोग्य विभागाचं नाव कुठेच नव्हतं, तेव्हाच थांबायला हवं होतं मी. बिलावर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही.

दहा-बारा दिवसांत फिल्टरच्या पाण्याला वास यायला लागला. नंबर बंद. ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं तर त्यानं उघडून दाखवलं, आत एक साधी कँडल आणि यूव्ही दिवा म्हणून जो निळा उजेड दिसत होता तो नुसता एलईडी! आयएसआय मार्क पण नाही.

खरा प्रकार कळला तो आमच्या भाऊजींकडून, ते साताऱ्याला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. त्या मशीनच्या दांड्या लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, लोखंड विरघळतं आणि दिसतो तो गंज, म्हणजे रंग दांडीचा, घाण पाण्यातली नाही. त्यांच्या बाटलीतल्या पाण्यात क्षार जवळजवळ नव्हतेच म्हणून करंट नाही, रंग नाही. पूलमध्ये क्लोरीन आणि बाकीची केमिकलं टाकतात त्यामुळे तिथे रंग लवकर आला. भाऊजींनी कॉलेजातला बॅटरी एलिमिनेटर (बॅटरीसारखा करंट देणारा डबा) आणि लोखंडी खिळे आणून बाजारातल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये करून दाखवलं, काहीच झालं नाही, मग चिमूटभर मीठ टाकलं तर नळाच्या पाण्यापेक्षा जास्त लाल! आमच्या नळाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) २१० आहे, भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगला धरतात. आणि टीडीएस मीटरला जंतू दिसतच नाहीत, जीबीएसच्या पेशंटमध्ये सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू असल्या कुठल्याच दांडीनं कळत नाही.

मी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारलं. तिथले आरोग्य निरीक्षक म्हणाले की घरी आमची माणसं क्लोरीनसाठी ओटी टेस्ट करतात, दोन-तीन थेंब टाकायचे, पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. जंतूंसाठी निर्जंतुक बाटलीत सँपल घेऊन लॅबला जातं आणि जंतू वाढवून बघावे लागतात त्यामुळे रिपोर्टला एक-दोन दिवस तरी जातातच, पाच मिनिटात दारात कुणी निकाल देऊच शकत नाही. आणि मनपाचा माणूस कधीच काही विकत नाही.

यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, मी बारा दिवसांनी केला तोवर खातं रिकामं झालं होतं. वस्तूची तक्रार १९१५ वर (ग्राहक हेल्पलाइन) होते. आरओ घेत असाल तर त्यावर आयएस १६२४० (आरओसाठीचं भारतीय मानक) आहे का बघा, लायसन्स नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर त्यांना आजच हे दांडीवालं मशीन समजावून सांगा, प्लीज.

आमच्या विंगमध्ये अजून चार घरांनी तोच फिल्टर घेतलाय, पोलिसांत सगळ्यांनी मिळून अर्ज दिलाय. वॉचमनचं रजिस्टर पण जोडलं, त्यात त्यांनी "महानगरपालिका, पाणी तपासणी" एवढंच लिहिलंय आणि मोबाईल नंबरचे आकडे नऊच आहेत.