‘प्रेशर ट्रीटेड’ म्हणून विकलेली, नुसता ब्रश मारलेली दारं

चंद्रपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीसाठी लाकडी एअर डोअरची, म्हणजे खाणीतल्या हवेचा मार्ग ठरवणाऱ्या दारांची ऑर्डर होती. फायर ट्रीटमेंटचं काम पुण्यातल्याच एका प्लँटला दिलं. बिलावर ‘व्हॅक्यूम-प्रेशर’ (बंद सिलिंडरमध्ये लाकडातली हवा ओढून दाबाने रसायन आत मुरवणं), दरही त्याचाच, सोबत शिक्का मारलेलं सर्टिफिकेट. एक पल्ला मधोमध कापला तर वरचा एक-दीड मिलिमीटर सोडून आत सगळं कोरं लाकूड! खाणीत हे दार जळून पडलं की हवेचा ठरलेला मार्ग मोडतो आणि धूर नको तिकडे, माणसं काम करतात तिकडे जाऊ शकतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

वजनात चोरी सगळ्यात आधी सापडते. 2.1 मीटर × 1 मीटर × 45 मिलिमीटरच्या पल्ल्यात सुमारे 0.095 घनमीटर लाकूड असतं. घनमीटरला 40 किलो कोरडं रसायन ठरलं असेल, तर पल्ल्यात 3.8 किलो मुरलं पाहिजे. द्रावण 12 टक्क्यांचं असेल तर सिलिंडरमधून निघालेला ओला पल्ला तीस-बत्तीस किलोंनी जड व्हायला हवा. ब्रशने दोन हात मारून वजन जेमतेम दोन-तीन किलो वाढतं. त्यामुळे आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा काट्यावर आपला माणूस उभा असू द्या. प्रत्येक चार्जची, म्हणजे सिलिंडरमध्ये एका वेळी घातलेल्या मालाची नोंदही मागा: व्हॅक्यूम किती, प्रेशर किती, किती वेळ, टाकीतली पातळी किती उतरली. आमच्या प्लँटवाल्याकडे ही नोंदच नव्हती.

लाकूड कोणतं तेही बघा. सागाच्या गाभ्यात प्रेशरखालीही द्रावण फारसं शिरत नाही, पाइनमध्ये शिरतं. ‘सागाचा पल्ला, आरपार ट्रीटेड’ असं कोणी छातीठोक सांगितलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

रसायनात बोरिक ॲसिड किंवा बोरॅक्स असेल तर हळदीची चाचणी करता येते. कापलेल्या, कोरड्या भागावर हळदीचा अल्कोहोलमधला अर्क लावायचा. तो वाळला की हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सॅलिसिलिक ॲसिडचं अल्कोहोलमधलं द्रावण लावायचं. बोरॉन असेल तिथे लाल, नसेल तिथे पिवळं. ॲसिड आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. आमच्या तुकड्याला काठाला लाल रेघ आली, मध्ये सगळा पिवळा.

सर्टिफिकेटची लबाडी वेगळी. त्यावर आयएस (भारतीय मानक) 5509 होतं. ते अग्निरोधक प्लायवुडचं मानक आहे. दार आगीत किती मिनिटं टिकतं हे आयएस 3614 खाली तपासतात, तेही चौकट, बिजागऱ्या, फटीतली फुगणारी पट्टी यांसकट अख्ख्या दाराचं. ट्रीटमेंटने ज्वाला पसरणं मंदावतं, पण तेवढ्याने दार आगीत दोन तास टिकणारं होत नाही.

खाणीतली हवा दमट असते. साधे क्षार पाणी ओढतात, दाराला घाम फुटतो, रसायन हळूहळू धुपून जातं आणि बिजागऱ्या गंजतात. म्हणून दमट जागेसाठीचंच रसायन लेखी ठरवून घ्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच चार्जमधला एक पल्ला आपण निवडून मधोमध कापायचा. टोकाकडचा तुकडा चालणार नाही. तिथले रेषे नुसत्या बुडवण्यानेही भरपूर पितात, आणि नमुना म्हणून नेमका तोच पुढे केला जातो.