गुठळी ओढायची की शोषायची?

पक्षाघातात मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी काढायला आधी स्टेंट रिट्रीव्हर (गुठळीत उघडून तिला ओढून आणणारी तारेची जाळी) घ्यावा की सक्शन कॅथेटर (गुठळी शोषून धरणारी नळी), हे आकडे ठरवून देत नाहीत. दोन्हींची तुलना करणाऱ्या 2017 च्या ॲस्टर चाचणीत रक्तप्रवाह सुरू होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. 2019 च्या कंपास चाचणीत सक्शन स्टेंटच्या मागे पडले नाही, एवढेच.

स्टेंटची बाजू लंगडी नाही. 2015 च्या ज्या चाचण्यांनी थ्रॉम्बेक्टमी (धमनीतून नळी घालून गुठळी काढणे) रुजवली, त्यांत मुख्यतः तोच होता. जाळी उघडताच पुष्कळदा थोडे रक्त पुढे सरकते. मला खटकते ते एकच: दर फेरीला गुठळी ओलांडावी लागते. 0.014 इंची वायर आणि मायक्रोकॅथेटर (अगदी बारीक नळी) पुढे सारताना पलीकडची धमनी अँजिओत (धमन्यांच्या क्ष-किरण चित्रात) दिसतच नाही. वायर बारीक फांदीत शिरली तर भोक पडू शकते. मग जाळी उघडून 3 ते 5 मिनिटे थांबा, सावकाश ओढा. ओढताना धमनी ताणली जाते, तिच्या नाजूक फांद्याही. रक्तस्रावाची एक वाट ही. गुठळी तुटून अर्धीच आली, की पुन्हा तीच आंधळी चाल.

सक्शनमध्ये 0.070 इंचाच्या आसपास पोकळी असलेल्या कॅथेटरचे टोक गुठळीला टेकवायचे, पंप सुरू करायचा आणि दीड-दोन मिनिटे थांबायचे. पलीकडे जायची गरज बहुधा पडत नाही. नळीतून रक्त वाहतच असेल तर टोक नीट टेकलेले नाही. थांबले तर गुठळी तोंडात अडकली आहे (क्वचित धमनीची भिंतही!), सक्शन चालू ठेवूनच कॅथेटर बाहेर काढा आणि त्याच वेळी गाइड कॅथेटरमधूनही (ज्यातून बाकीच्या नळ्या आत जातात ती जाड नळी) 60 मिलीच्या सिरिंजने ओढा. नाहीतर गुठळी गाइडच्या तोंडाशी खरवडून सुटते. पोकळीत काटकसर नको: 0.060 ऐवजी 0.072 घेतला तर त्याच दाबाला ओढ सुमारे 44 टक्क्यांनी वाढते.

त्रास इथेही आहे. डोळ्याकडे जाणाऱ्या ऑफ्थॅल्मिक धमनीच्या उगमापाशी कॅथेटरची कड अडते. जोर लावू नका. आत जाडसर मायक्रोकॅथेटर घालून मधली फट भरा. फायब्रिनने (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांनी) घट्ट झालेली गुठळी मात्र दोघांनाही सहज दाद देत नाही. स्टॅनफर्डच्या गटाने 2025 मध्ये मांडलेला मिलिस्पिनर अशाच गुठळ्यांसाठी आहे: फिरती पोकळ नळी गुठळी दाबून, घासून लहान करते. पण ते काम प्रयोगशाळेतले आणि डुकरांवरचे. आजच्या खरेदीत ते धरू नका.

गुठळी फाट्यावर बसली असेल किंवा धमनी आधीच अरुंद असेल, तर स्टेंट आधी घेणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. एरवी सक्शन आधी. दोन फेऱ्या फुकट गेल्या तर दोन्ही एकत्र वापरा. तोवर स्टेंटचे पाकीट टेबलाजवळ असू द्या, फोडू नका.