मातीची कौले की काँक्रीटची? अठरा महिने आणि दोन पावसाळ्यांनंतर

शेजारी-शेजारी दोन दुपाखी छपरे, दोन्हींचा उतार 30 अंश. एकावर भाजलेल्या मातीची मंगलोरी कौले, दुसऱ्यावर काँक्रीटची. दोन्हींनी दोन पावसाळे काढले. निकाल आधीच सांगतो: कौलाच्या जातीमुळे कुठेही गळले नाही. जिथे गळले तिथे रिपांचे (कौले ज्यांवर अडकतात त्या आडव्या पट्ट्यांचे) अंतर, आढे (छपराचा माथा) किंवा दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, मिळतात तो आतला कोन यांपैकी एक जागा चुकलेली होती. तरीही कौल घेताना पहिली चौकशी रंगाची होते. ती उताराची असायला हवी.

मंगलोरी कौलाला 25 अंशांपेक्षा कमी उतार देऊ नये. 30 अंश उत्तम, म्हणजे आडव्या एक मीटरला सुमारे 58 सेंमी चढ. खाचेत खाच बसणारी काँक्रीटची कौले घडणीनुसार 17.5 ते 22.5 अंशांपर्यंत खाली चालतात, पण उतार कमी केला की वरच्या कौलाचा खालच्यावरचा चढाव 75 मिमीवरून 100 मिमीपर्यंत वाढवावा लागतो. कारण साधे आहे. वाऱ्याच्या जोराने पाणी खालच्या कौलाच्या पाठीवरून वर सरकते आणि त्याच्या माथ्यावरून आत उतरते.

वजनाबाबत गैरसमज खूप. 410 × 235 मिमीचे मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचे आणि चौरस मीटरला 15-16 लागतात, म्हणजे 38 ते 40 किलो. 420 × 330 मिमीचे काँक्रीटचे कौल सव्वाचार ते साडेचार किलोचे आणि चौरस मीटरला सुमारे 10 लागतात, म्हणजे 42 ते 45 किलो. शिवाय मातीचे कौल पाणी पिते. दहा-बारा टक्के शोषले तरी भर पावसात दोन्हींचा भार जवळपास सारखा होतो. वासे आणि तुळया ओल्या वजनावर धराव्यात. नग मोजतानाही जमिनीवरचे क्षेत्रफळ धरू नये. 30 अंशांना ते 1.155 ने गुणावे. साध्या छपराला 5 टक्के, कोन-कापे जास्त असतील तर 10 टक्के जादा.

आता सर्वात महत्त्वाचे, रिपा. माहितीपत्रकात छापलेल्या मापावर रिपांची लोखंडी चौकट जोडून टाकली जाते आणि कौले नंतर येतात. भट्टीत मातीचे कौल आकसते, त्यामुळे दोन खेपांत काही मिलिमीटर फरक पडतो. एका पाखीत वीस ओळी असतील तर ओळीमागे 4 मिमी म्हणजे आढ्याशी 8 सेंमी. म्हणून खेप उतरली की बारा कौले पालथी, एकात एक अडकवून सपाट जागेवर मांडावीत. आधी सगळी ताणून दहा कौलांचे अंतर मोजावे, मग दाबून मोजावे. दोन्हींची सरासरी काढून दहाने भागावी. रिपांचे अंतर ते. मंगलोरी कौलाला ते 320 मिमीच्या आसपास येते. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी, नाहीतर पहिली ओळ खाली झुकते आणि वर फट राहते.

मातीचे कौल निवडताना दोन कौले एकमेकांवर वाजवावीत. खणखणीत आवाज म्हणजे नीट भाजलेले, बद्द आवाज म्हणजे कच्चे किंवा तडा गेलेले. सपाट फरशीवर ठेवून डगडगते का पाहावे, कारण पिळलेले कौल शेजाऱ्याच्या खाचेत बसतच नाही. चुनखडीचे खडे मात्र दुकानात दिसत नाहीत. दोन-तीन नग आठवडाभर ओले ठेवावेत. पांढरा ठिपका फुगून वरचा पापुद्रा उडाला तर ती खेप घेऊच नये.

रंगात काँक्रीटचे कौल मागे पडले. दक्षिणेकडच्या पाखीवर रंगाचा थर फिकट झाला आहे आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पांढरट क्षारही आले. क्षार निघून जातात, रंग परत येत नाही. मातीचा रंग अंगचा असतो, तो टिकला. उलट सावलीतल्या बाजूला शेवाळ मातीवर जास्त धरले. चालण्याच्या बाबतीत काँक्रीट सरस. मातीच्या कौलावर पाय टाकायचाच तर खालच्या टोकाजवळ, जिथे खाली रीप आणि दुसरे कौल आहे तिथे. मधोमध पाय पडला की ते सहज मोडू शकते.

दोन्ही छपरांना सारखाच त्रास दिला तो आढ्याने. आढ्यावरचे कोने (माथ्याची सांध झाकणारी वाकडी कौले) सिमेंटच्या मसाल्यात गच्च भरून बसवले की उन्हात कौले आणि वासे हलतात, मसाला हलत नाही आणि बारीक चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत ओढले जाते. मसाला फक्त दोन कडांना द्यावा, आत पोकळी ठेवावी आणि प्रत्येक कोना स्क्रूने बांधावा.

आतल्या कोनात पत्र्याची पन्हळ दोन्ही बाजूंना किमान 300 मिमी कौलांखाली जावी आणि मधली मोकळी वाट 100 ते 125 मिमी ठेवावी. अरुंद वाटेत पाला अडकतो, पाणी फुगते आणि पत्र्याच्या कडेवरून आत सांडते. कापलेले लहान त्रिकोणी तुकडे तिथे नुसते टेकवले तर घसरतात. ते तारेने वरच्या रिपेला बांधावेत.

कौलांखाली जलरोधक पडदा टाकायचा असेल तर तो वाशांवर टाकून आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या ठोकाव्यात आणि मग त्यांवर आडव्या रिपा. पट्ट्या नसतील तर झिरपलेले पाणी प्रत्येक रिपेमागे साचते आणि लाकूड आतून कुजते. खालून हे दिसत नाही. खिळे आणि स्क्रू समुद्राजवळ स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

त्याच खेपेतली पन्नासएक कौले बाजूला ठेवावीत. पुढची खेप मापात जुळेलच असे नाही. फुटलेले कौल बदलताना वरची दोन लाकडी पाचर घालून बोटभर उचलावीत, फुटके वर ढकलून रिपेतून सोडवावे आणि खाली ओढून काढावे. नवे त्याच वाटेने सरकवून, रिपेत अडकले की नाही हे खाली ओढून पाहावे, मग पाचर काढावी.