जस्ताचे पैसे घेतले आणि ट्रेलरला चंदेरी रंग फासला

जुनी बोट घरी दुरुस्त करायला घेतली की सगळं लक्ष बोटीवर असतं, आणि फसगत होते ती ट्रेलरमध्ये. बोटीचं फायबर आपण स्वतः घासतो, रेझिन स्वतः कालवतो, त्यामुळे तिथे कुणी काही दडवू शकत नाही. ट्रेलर मात्र वेल्डिंगवाल्याच्या शेडमध्ये जातो आणि रंगरंगोटी होऊन परत येतो. त्या रंगाखाली काय आहे हे कळेपर्यंत एक पावसाळा जातो. हल्ली अलिबाग-मुरूडकडे बरेच जण वाडीत शेड टाकून असलं काम काढतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फॅब्रिकेटरचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

माझी बोट सोळा फुटी, फायबरची. मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात, ती कुजली होती. वरून फायबर ठणठणीत दिसायचं, पण आतल्या प्लायने पाणी पिऊन पिऊन त्याचा भुगा झाला होता. तो कोरून काढला, मरीन प्लाय बसवला, वर मॅटचे थर दिले. हे काम चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

ट्रेलरला हात घालावा लागला तो इंजिनामुळे. जुनं टू-स्ट्रोक साधारण 50 किलोचं होतं. त्याच्या जागी 40 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक घेतलं, ते शंभर किलोच्या आसपास भरतं. एवढं वजन एकदम मागे गेलं की ट्रेलरचं गणित बिघडतं. गाडीच्या हुकावर एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के भार यायला हवा. बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर धरून माझं सगळं 700 किलोच्या घरात जातं, म्हणजे हुकावर 35 ते 70 किलो हवेत. घरातला वजनकाटा ठोकळ्यावर ठेवून त्यावर ट्रेलरचं तोंड टेकवलं तर हे घरच्या घरी मोजता येतं. माझं तोंड नव्या इंजिनासकट जवळजवळ तरंगत होतं. अशा अवस्थेत गाडीने वेग घेतला की मागे ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि मग गाडीलाही ओढतो. त्यामुळे एक्सल मागे सरकवणं, फ्रेम मागच्या बाजूला दोन फूट वाढवणं, बोट टेकते त्या लाकडी फळ्यांचे नवे ब्रॅकेट आणि पुढचा विंचचा खांब, एवढी कामं निघाली. फ्रेम बॉक्स पाइपची, म्हणजे चौकोनी पोकळ पाइपची होती, जुनी पण सरळ.

फॅब्रिकेटर गेटं, जिने, पत्र्याच्या शेड करणारा. हात चांगला, बोलणं त्याहून चांगलं. जस्ताचा विषय त्यानेच काढला, तळोज्याच्या (पनवेलजवळची औद्योगिक वसाहत) नावासकट.

"दादा, रंग मारून काय उपयोग? तुमचं खाऱ्या पाण्याचं काम. तळोज्याला पाठवून हॉट डिप करून देतो, वीस वर्षं बघायला नको."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणूनच ते सापळ्यासारखं चालतं. खाडीत बोट उतरवताना ट्रेलर पाण्यात बुडवावाच लागतो. बाहेरचा रंग आपण वर्षाला पुन्हा मारू शकतो, पण बॉक्स पाइपच्या आत शिरलेलं खारं पाणी आतूनच लोखंड खात राहतं आणि तिथे ब्रश पोचत नाही. हॉट डिपमध्ये अख्खी फ्रेम आधी ॲसिडमध्ये धुऊन मग साधारण 450 अंशांवर वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त लोखंडाशी एकजीव होतं आणि आतूनबाहेरून चढतं. आयएसओ 1461 या मानकाप्रमाणे 6 मिलिमीटरपेक्षा जाड लोखंडावर सरासरी 85 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि 3 ते 6 मिलिमीटरवर 70 मायक्रॉन थर लागतो. शिवाय कुठे ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. रंगाला हे जमत नाही.

वेल्डिंग, नवा एक्सल, नवे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि बेअरिंग यांचे वेगळे, आणि "हॉट डिप व वाहतूक" म्हणून 22,000 रुपये वेगळे, असं ठरलं. निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ दिली. मध्ये एकदा ट्रेलर बघायला शेडवर गेलो तर तो तिथे नव्हता. "तळोज्याला गेलाय," असं पोऱ्याने सांगितलं. ट्रेलर मागच्या गल्लीत रंगाला लावला होता, हे खूप नंतर शेजारच्या पंक्चरवाल्याकडून कळलं.

ट्रेलर ताब्यात घेताना त्याने जे केलं ते मुद्दाम लिहितो, कारण यात भलेभले गार होतात. खिशातून थर मोजायचं छोटं यंत्र काढलं, फ्रेमवर टेकवलं आणि आकडा माझ्यासमोर धरला. 92 मायक्रॉन. दुसरीकडे टेकवलं, 88. "बघा, मानकापेक्षा जास्त दिलंय." यंत्र खरं होतं आणि आकडाही खरा होता. पण ते यंत्र लोखंड आणि यंत्राचं टोक यांच्यातलं अंतर मोजतं. मध्ये जस्त आहे, रंग आहे की चिकटपट्टी आहे, हे त्याला कळत नाही. रंगाचे दोन-तीन हात दिले की 90 मायक्रॉन सहज भरतात.

मृगाच्या पावसाआधी बोट चार-सहा वेळा रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत उतरवली, मग ट्रेलर शेडमध्ये लावून ठेवला. गणपतीच्या सुमारास बाहेर काढला तेव्हा प्रत्येक जोडाखाली तांबडे ओघळ आले होते. फळ्यांच्या ब्रॅकेटला नखाने खरवडलं तर चंदेरी पापुद्रा उचकटला आणि खाली विटकरी रंग दिसला. रेड ऑक्साइड, रंगाआधी मारतात तो प्राइमर. जस्तात बुडवलेल्या लोखंडाच्या अंगावर रेड ऑक्साइड असण्याचं काही कारणच नाही. ते ॲसिडच्या टाकीपर्यंतही पोचू देत नाहीत.

तरी मनात होतं, हॉट डिप करून वर रंग दिला असेल. तो संशय आमच्या आळीतल्या एका काकांनी फेडला. त्यांची उमर कारखान्यात गॅल्व्हनाइझिंगच्या टाकीवर गेली. त्यांनी जोडांकडे बघितलंच नाही. फ्रेमभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून बघितलं आणि विचारलं, "भोकं कुठायत रे?"

मला कळेना.

"पाइपाची दोन्ही टोकं पट्टी मारून बंद आहेत. आत हवा आहे, ॲसिडचं पाणी राहणार. हे साडेचारशे डिग्रीच्या जस्तात बुडवलं तर पाण्याची वाफ होऊन पाइप फुटेल. टाकीवरची पोरं भाजतील. भोकं नसलेला बंद पाइप आमच्याकडे गेटातनं आत घेत नसत."

म्हणजे ट्रेलरने तळोजं बघितलंच नव्हतं, हे सांगायला ना यंत्र लागलं ना प्रयोगशाळा. बंद पाइपाच्या दोन्ही टोकांना, एक वरच्या आणि एक खालच्या कोपऱ्यात, हवा निघायला आणि जस्त निथळायला भोकं असावीच लागतात. ती नसतील तर हॉट डिप झालेलं नाही. असतील तर त्यातून टॉर्च मारून आत बघायचं. आतही राखाडी जस्त दिसलं पाहिजे. रंगारी पाइपच्या आत रंग मारत नाही.

काकांनी मग हातोडी मागवली. वाढवलेल्या दोन फुटांच्या जोडावर ठोकलं तर बद आवाज आला आणि खपली निघाली. जोडावर लांबी (पुट्टी) भरली होती, गाडीच्या पोच्यांवर भरतात ती. खाली नुसता टोकाला टोक लावून मारलेला वेल्ड, तोही गंजावर. आत बाही नाही, बाजूला पट्टी नाही. बोटीचा अर्धा भार त्या जोडामागे होता.

हबचं तेच. "नवीन" म्हणून लावलेले हब उघडले तर वर पिवळं ताजं ग्रीस आणि आत काळी पेंड. रोलरवर तापल्याचा निळसर डाग. एका बाजूच्या नटाला, तो सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिनच नव्हती. ट्रेलरच्या हबचा त्रास असा असतो की रस्त्यावरून येताना ते गरम झालेले असतात, तसेच थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सील जुनं असेल तर खारं पाणी आत ओढलं जातं. चौलच्या आसपास ते चाक निघालं असतं तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय झालं असतं, या विचाराने मला पैशांपेक्षा जास्त राग आला.

शेडवर गेलो तेव्हा "दादा"चं "साहेब" झालं होतं.

"साहेब, झिंकचंच कोटिंग आहे ते. कोल्ड गॅल्व्हनाइझ म्हणतात. डब्यावर लिहिलेलं असतं."

"तळोज्याच्या कामाची पावती, चलन, दाखवा."

"ते पार्टीकडे राहिलं."

"पार्टीचा नंबर द्या."

"पार्टी बंद झाली आता."

कोल्ड गॅल्व्हनाइझ नावाचा जस्ताच्या भुकटीचा रंग खरोखर मिळतो. जस्त चढवलेल्या लोखंडाला कुठे छिद्र पाडलं किंवा कापलं तर तेवढ्या जागी तो मारतात. अख्ख्या ट्रेलरला तो हॉट डिपची जागा घेऊ शकत नाही. आणि माझ्या ट्रेलरवर तोही नव्हता. चिंधीला थिनर लावून पुसलं तर चंदेरी सगळं चिंधीवर आलं आणि खाली विटकरी उरलं. जस्त थिनरने पुसलं जात नाही. ही परीक्षा पैसे चुकते करण्याआधी, त्याच्या शेडमध्ये, त्याच्यासमोर करायची. खरं काम केलेला माणूस थिनरची बाटली स्वतः आणून देईल.

सगळ्यात महाग काय पडलं, तर ते निस्तरणं. लोकांना वाटतं, ठीक आहे, आता नेऊन बुडवून आणू. तसं होत नाही. ॲसिडने गंज जातो, रंग आणि लांबी जात नाही, आणि जिथे रंगाचा कण राहील तिथे जस्त धरत नाही. म्हणजे आधी सगळी फ्रेम सँडब्लास्ट करा, लांबी काढा, जोड ग्राइंडरने उघडून पट्ट्या मारून पुन्हा वेल्ड करा, वेल्डवरची खपली साफ करा, भोकं पाडा, पाटे, हब आणि वायरिंग उतरवा, मग पाठवा. रंगच मारला नसता तर यातलं निम्मं काम वाचलं असतं. वाईट वेल्डपेक्षा मला त्याच्या रंगाचा खर्च जास्त आला.

दुसऱ्या वेळी मी गॅल्व्हनाइझिंगवाल्याकडे स्वतः गेलो. तिथे दर किलोवर असतो. फ्रेम काट्यावर चढते, वजनाची नोंद होते आणि जॉबवर्कचं चलन हातात पडतं. फॅब्रिकेटर मध्ये असला तरी या चलनाची प्रत मागता येते आणि त्यावरचं वजन आपल्या ट्रेलरशी जुळतं का ते बघता येतं. हॉट डिपचे पैसे त्या चलनावरच द्यायचे, आगाऊ नाही. आणि ट्रेलरमध्ये जे काही बदल करायचे ते सगळे बुडवण्याआधी संपवायचे. नंतर एखादा ब्रॅकेट आठवला तर तो यू-बोल्टने आवळायचा. जस्तावर वेल्ड मारला तर तिथलं जस्त जळतं आणि त्या पांढऱ्या धुराने वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. या दुसऱ्या वेळी आलेली फ्रेम चकचकीत नव्हती बरं का. कुठे राखाडी, कुठे चमक, खालच्या कडांना जस्ताचे गोठलेले थेंब. पहिलीच दिसायला जास्त देखणी होती.

तक्रारीचं थोडक्यात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली, त्यातून काही निघालं नाही. मग वकिलाची नोटीस धाडली, तेव्हा तो 8,000 परत द्यायला तयार झाला, "विषय संपला" असं लिहून मागत होता. मी लिहून दिलं नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. रायगडचा आयोग अलिबागलाच आहे. तिथे माझ्या उपयोगी पडल्या त्या दोन गोष्टी. एक, त्याच्या हातच्या बिलावर "हॉट डिप" हे शब्द होते. कच्चं बिल, जीएसटी नंबर नाही, पण शब्द आणि सही त्याची. दोन, सँडब्लास्ट करण्याआधी मी बंद टोकांचे, लांबी भरलेल्या जोडाचे आणि उघड्या हबचे फोटो काढून ठेवले होते, आणि काकांनी त्यावर आपलं म्हणणं सहीनिशी लिहून दिलं. ट्रेलर आधी नीट करून घेतला असता आणि मग तक्रारीला गेलो असतो तर दाखवायला काहीच उरलं नसतं.

त्याच्या वकिलाने उत्तरात लिहिलंय की ट्रेलर गोड्या पाण्यासाठी आहे असं मी सांगितलं होतं. रेवदंड्यात गोडं पाणी विहिरीत मिळतं. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.