घरच्या नेटवर्कवरील सूत्रबद्ध नावे आणि ती सांभाळणारे ‘डीएनएसमास्क’ : एक परीक्षण

घरच्या नेटवर्कवर दोनच संगणक असतात तोवर त्यांना काय म्हणावे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पुढे प्रिंटर, साठवणुकीचा सर्व्हर, टीव्ही, फोन आणि एखादा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक अशी भर पडत जाते, राउटरच्या यादीत कारखान्याने दिलेली अक्षर-अंकांची सरमिसळ दिसू लागते आणि कोणती ओळ कोणत्या यंत्राची हे ठरवण्यासाठी मॅक पत्ते (यंत्राला कारखान्यात दिलेले ओळख-क्रमांक) ताडून पाहण्याची वेळ येते. सर्व यंत्रांना एकाच सूत्रातली, म्हणजे ग्रह किंवा नद्या अशा एकाच विषयातली, नावे देणे हा यावरचा जुना आणि माझ्या मते अजूनही सर्वोत्तम उपाय आहे. मात्र नाव ठरवले म्हणजे काम संपले असे होत नाही. ते नाव घरातल्या प्रत्येक यंत्राला कळले पाहिजे आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तरी टिकले पाहिजे. हे काम करणाऱ्या ‘डीएनएसमास्क’ या मुक्त सॉफ्टवेअरचे मी येथे परीक्षण करीत आहे. नावे कशी निवडावीत याचा विचारही त्यात ओघाने येईल, कारण या सॉफ्टवेअरचे गुणदोष नावे ठरवू लागल्यावरच नीट लक्षात येतात.

सायमन केली यांनी लिहिलेले हे सॉफ्टवेअर दोन कामे एकत्र करते. नेटवर्कवर येणाऱ्या यंत्राला डीएचसीपी या पद्धतीने आयपी पत्ता (नेटवर्कवरचा अंकी पत्ता) देणे हे पहिले काम, आणि नाव विचारले की पत्ता सांगणे, म्हणजे डीएनएसची सेवा देणे, हे दुसरे. ही कामे दोन वेगळ्या सॉफ्टवेअरकडे असली, तर पत्ता कोणाला दिला हे एकाला ठाऊक असते आणि नाव कोणाचे हे दुसऱ्याला. दोघांचा मेळ घालण्याची जबाबदारी घरच्या माणसावर पडते. डीएनएसमास्कमध्ये पत्ता दिला त्या क्षणी नावही नोंदवले जाते, शिवाय पत्त्यावरून नाव सांगणारा उलट शोधही आपोआप चालू होतो. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त फर्मवेअरवर चालणाऱ्या राउटरमध्ये ते मुळातच असते आणि जाहिराती अडवणाऱ्या पाय-होलचा गाभाही त्याच्यावरच बेतलेला आहे, त्यामुळे अनेक घरांत ते कोणाच्या लक्षात न येता आधीपासून काम करीत असते.

आता नावांकडे वळू. संगणकाचे नाव कसे निवडावे यावर डॉन लिब्स यांनी ऑगस्ट १९९० मध्ये लिहिलेले आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांची मालिका) ११७८ हे टिपण आजही वाचण्याजोगे आहे. यंत्राला त्याच्या कामाचे नाव देऊ नये, स्वतःचे नाव देऊ नये, लांबलचक नाव टाळावे, ज्याचे स्पेलिंग दोन प्रकारे होते ते नाव टाळावे आणि एखादे सूत्र धरून नावे द्यावीत, असा त्याचा सल्ला आहे. सूत्रातली नावे संपणारी असतील तर पुढे अडचण होते, हेही त्यात बजावले आहे. ग्रहांचे सूत्र अनेकांना प्रथम सुचते, पण २००६ मध्ये प्लूटोचे ग्रहपद गेल्यापासून ग्रह आठच उरले आहेत आणि आजच्या घरात आठ यंत्रे व्हायला वेळ लागत नाही. नद्या, पर्वत, पक्षी यांचा साठा मोठा आहे. मात्र त्यांना ठरलेला क्रम नाही, त्यामुळे पुढचे नाव कोणते द्यायचे हा प्रश्न दर नव्या यंत्राबरोबर नव्याने उभा राहतो.

मराठी माणसाला नक्षत्रांचे सूत्र जवळचे वाटणे साहजिक आहे. सत्तावीस नावे, ठरलेला क्रम, आणि त्यांतल्या अनेक नावांमागे आकाशात प्रत्यक्ष दिसणारा ठळक तारा, ही त्याची बलस्थाने आहेत. तरीही नेटवर्कवर उतरवताना या सूत्राची चांगलीच परीक्षा होते. होस्टनेममध्ये, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरील नावात, रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते. देवनागरी नावाचे रूपांतर करण्याची सोय डीएनएसच्या जगात आहे. पण ते रूप ‘एक्सएन’ने सुरू होणारी, डोळ्यांना काहीच न सांगणारी अक्षरमाला असते आणि टर्मिनलच्या प्रॉम्प्टवर (आज्ञा टंकायच्या ओळीवर) ती पाहून कोणालाही नक्षत्र आठवणार नाही. रोमनमध्ये लिहायचे तर कृत्तिका आणि मृग यांतला ‘ऋ’ कोणी ‘आर-आय’ने लिहितो, कोणी ‘आर-यू’ने; ज्येष्ठा आणि धनिष्ठा यांतल्या ‘ष्ठा’चीही हीच गत होते. घरातल्या प्रत्येकाने एकच स्पेलिंग लक्षात ठेवावे ही अपेक्षा फार काळ पुरी होत नाही. उत्तराभाद्रपदा रोमनमध्ये सोळा अक्षरांचे होते आणि विंडोजच्या नेटबायोस या जुन्या पद्धतीत नावाची मर्यादा पंधरा अक्षरांची आहे. पूर्वा आणि उत्तरा यांच्या तीन जोड्या प्रॉम्प्टवर एकमेकींशी गोंधळतात, तर रोहिणी, अश्विनी, अनुराधा, रेवती ही माणसांचीही नावे असल्याने बोलण्यात घोटाळा होऊ शकतो. मघा, हस्त, चित्रा, स्वाती, मूळ, श्रवण ही त्यातल्या त्यात सोयीची, आणि यंत्रे मोजकीच असतील तर ती खुशाल वापरावीत.

मला सर्वांत समाधान दिले ते मूलद्रव्यांच्या सूत्राने, आणि त्याचे श्रेय निम्मे तरी डीएनएसमास्कला जाते. मूलद्रव्ये ११८ आहेत आणि प्रत्येकाला अणुक्रमांक आहे. तोच अंक आयपी पत्त्याच्या शेवटी ठेवला, की नाव आणि पत्ता कायमचे एकमेकांशी बांधले जातात. राउटर हायड्रोजन, म्हणून त्याचा पत्ता १९२.१६८.१.१, निऑन १९२.१६८.१.१०, कोबाल्ट १९२.१६८.१.२७. नावांची सेवा कधी बंद पडली तरी आवर्तसारणी आठवून पत्ता काढता येतो, ही सोय इतर कोणत्याही सूत्रात मला सापडलेली नाही. सर्वांत लांब नाव रदरफोर्डियमचे, तेही तेरा अक्षरांचे, म्हणजे विंडोजच्या मर्यादेत बसणारे आहे. सूत्रात गटही तयार मिळतात : हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन हे निष्क्रिय वायू जागचे न हलणाऱ्या सर्व्हरांना द्यावेत, लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे अल्कधर्मी धातू लॅपटॉपना. ॲल्युमिनियम, सल्फर आणि सिझियम यांची ब्रिटिश व अमेरिकी स्पेलिंगे वेगळी आहेत, म्हणून ती बाजूला ठेवावीत. मर्क्युरी हे पारा आणि बुध या दोघांचेही नाव आहे, हे लक्षात घेतले तर ग्रह आणि मूलद्रव्ये ही दोन सूत्रे एका घरात का मिसळू नयेत ते वेगळे सांगावे लागत नाही.

ही मांडणी प्रत्यक्षात आणायला डीएनएसमास्कच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये दर यंत्रामागे ‘डीएचसीपी-होस्ट’ची एक ओळ लागते. मॅक पत्ता, नाव आणि आयपी पत्ता स्वल्पविरामाने वेगळे करून लिहिले की झाले. अशा प्रकारे नेमून दिलेला पत्ता बदलत्या पत्त्यांच्या पट्ट्यात असण्याची अट नाही. तो त्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच पत्ताविभागात) असला तरी पुरते. त्यामुळे पाहुण्यांच्या यंत्रांसाठी १५० ते २५० असा पट्टा ठेवून १ ते ११८ हे अंक मूलद्रव्यांसाठी राखता येतात. यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण असा, की यंत्र स्वतःचे कोणते नाव सांगते याला फारसे महत्त्व उरत नाही. टीव्ही, प्रिंटर किंवा स्वस्तातला कॅमेरा यांचे नाव बदलण्याची सोय बहुधा त्यांच्यात नसते किंवा सेटिंगमध्ये खोल दडलेली असते. डीएनएसमास्क मात्र आपण लिहिलेले नावच खरे धरते आणि त्या यंत्राला हात न लावता ते सूत्रात येते.

कामावरून नाव देऊ नये हा सल्ला पाळताना घरच्यांची एक रास्त तक्रार येते : फोटोंच्या बॅकअपसाठी ‘क्रिप्टॉन’ का आठवायचे? येथे ‘सीनेम’ची ओळ कामी येते. यंत्राचे खरे नाव क्रिप्टॉनच ठेवून त्याला ‘बॅकअप’ हे उपनाव द्यावे. उद्या ते काम दुसऱ्या यंत्राकडे गेले तर फक्त ही ओळ बदलावी लागते. मात्र उपनाव ज्याच्याकडे बोट दाखवते ते नाव डीएनएसमास्कला स्वतः ठाऊक असलेले हवे. बाहेरच्या डीएनएसवरून येणारे नाव येथे चालत नाही.

नावांना कोणते डोमेन जोडावे, याबाबत पुष्कळ घरांत ‘डॉट लोकल’ वापरलेले दिसते. ते टाळावे. आरएफसी ६७६२ नुसार हे डोमेन मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे, म्हणजे जिथे यंत्रे ५३५३ या पोर्टवरून सर्वांना उद्देशून परस्पर नावे विचारतात त्या पद्धतीसाठी. तीत मध्यवर्ती सर्व्हर लागत नाही, ही तिची खरी सोय आहे. पण दोन यंत्रांनी एकच नाव घेतले तर एक जण आपल्या नावापुढे ‘-२’ लावून मोकळा होतो आणि सूत्राची शिस्त मोडते. घरच्या नेटवर्कसाठी २०१८ च्या आरएफसी ८३७५ ने ‘होम डॉट आर्पा’ हे डोमेन नेमून दिले आहे. ते ‘डोमेन’ आणि ‘लोकल’ या दोन ओळींत लिहिले की घरातल्या नावांची चौकशी बाहेरच्या सर्व्हरकडे जात नाही.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नेटवर्कसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे फोनच्या मूळ मॅकवर आधारलेली ओळ त्याला लागू पडत नाही. घरच्या नेटवर्कपुरती ती सोय फोनमध्ये बंद करावी लागते. गोपनीयतेसाठी ही सोय बाहेर अत्यंत आवश्यक आहे, म्हणून ती फक्त घरापुरतीच बंद करावी. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीच्या बाबतीत डीएनएसमास्क यंत्राच्या मॅकवरून पत्त्याचा अंदाज बांधते, त्या पत्त्याला पिंग करते, म्हणजे प्रतिसाद मागणारा छोटा संदेश पाठवते, आणि उत्तर आले तर नाव नोंदवते. कल्पना चतुर आहे. पण आजच्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम मॅकवरून पत्ता बनवतच नाहीत, आणि मग नाव फक्त आयपीव्ही४ पुरते उरते.

डेबियन या लिनक्स प्रणालीवर ते चालवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तेथे नावे व पत्ते नोंदवणाऱ्या होस्ट्स फाइलमध्ये यंत्राचे स्वतःचे नाव १२७.०.१.१ या पत्त्यापुढे लिहिलेले असते आणि डीएनएसमास्क ती फाइल मुकाट्याने वाचते. परिणामी लॅपटॉपने त्या सर्व्हरचा पत्ता विचारला की उत्तर १२७.०.१.१ असे येते; १२७ने सुरू होणारा पत्ता प्रत्येक यंत्राला स्वतःकडेच नेतो, म्हणजे लॅपटॉप स्वतःलाच हाक मारू लागतो. ‘नो-होस्ट्स’ लिहून घरच्या नावांसाठी वेगळी फाइल जोडणे हा स्वच्छ मार्ग आहे. कॉन्फिगरेशन बदलल्यावर चालू सेवेला ‘सिगहप’ हा संदेश पाठवून भागत नाही, कारण त्याने होस्ट्स फाइल पुन्हा वाचली जाते, मुख्य कॉन्फिगरेशन नाही. तिच्यासाठी सेवा पुन्हा सुरू करावी लागते. डीएचसीपी-होस्टच्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती ‘डीएचसीपी-होस्ट्सफाइल’ म्हणून जोडली, तर ही अडचण पुष्कळशी दूर होते. हे सगळे मॅन्युअलमध्ये आहे, पण ते मॅन्युअल पर्यायांची एक अखंड यादी आहे आणि नवख्याला तिच्यातून वाट काढणे कठीण जाते.

सुरक्षेबाबतही निष्काळजी राहून चालणार नाही. २०१७ मध्ये गूगलच्या सुरक्षा चमूने यात सात दोष शोधले आणि २.७८ या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. जानेवारी २०२१ मध्ये ‘डीएनएसपूक’ या नावाने आणखी सात दोष जाहीर झाले, त्यांची दुरुस्ती २.८३ मध्ये आली. दोन्ही वेळा दुरुस्ती उपलब्ध झाली, पण राउटरच्या फर्मवेअरमध्ये रुतून बसलेली जुनी प्रत आपोआप बदलत नाही. म्हणून हे सॉफ्टवेअर राउटरमध्ये कोणत्या आवृत्तीचे आहे ते एकदा पाहून घ्यावे, आणि राउटरला अद्यतने मिळत नसतील तर घरातल्या एखाद्या कायम चालू असलेल्या लहान संगणकावर ते चालवून राउटरची डीएचसीपी सेवा बंद करावी.

एवढ्या उणिवा मांडूनही माझी शिफारस ठाम आहे : ज्याला साधी मजकूर-फाइल हाताळता येते आणि ज्याच्या घरात पाच-सहापेक्षा जास्त यंत्रे आहेत, त्याने हेच वापरावे. फक्त यंत्र निकालात निघाल्यावर त्याचे नाव लगेच नव्या यंत्राला देऊ नये. एसएसएच (दूरच्या यंत्राला सुरक्षितपणे जोडणारे साधन) नावागणिक सर्व्हरची किल्ली लक्षात ठेवते, आणि जुन्या नावाखाली नवे यंत्र आले की ओळख बदलल्याचा मोठा इशारा देऊन जोडणी नाकारते. असा इशारा डोळे मिटून पुसण्याची सवय लागली तर खऱ्या धोक्याच्या वेळीही तो पुसला जाईल. ११८ नावांच्या सूत्रात काटकसरीची गरज नसते. जुन्या ओळीपुढे टिप्पणीचे हॅश चिन्ह लावून ती तशीच ठेवावी, म्हणजे ते नाव वापरून झाले आहे हे फाइल उघडताच कळते, आणि नव्या यंत्राला पुढचा मोकळा अणुक्रमांक द्यावा.