राजारामपुरीतील रक्तदाब तपासणी : डोळ्यांचा विभाग उत्तम, बाकी घाईचे काम

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका खासगी केंद्रात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एकत्रित तपासणी होते. वडिलांसाठी ती नुकतीच करून घेतली.

पैसे वसूल झाले ते डोळ्यांच्या विभागात. डोळ्याच्या पडद्यावर शरीरातील बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट पाहता येतात. आणि दाब वर्षानुवर्षे चढा राहिला की तिथल्या धमन्या जाड व अरुंद होतात, शिरेला ओलांडताना तिला दाबतात, पुढे रक्तस्रावाचे ठिपके आणि कापसाच्या बोळ्यांसारखे डागही उमटतात. डॉक्टरबाईंनी पडद्याचे छायाचित्र मोठे करून दाखवले : “बघा काका, इथं धमनी शिरेवरून गेलीय आणि खालची शीर चेपलीय.” नजर चांगली असतानाही असे होते, हे वडिलांना तिथे पटले, गोळ्यांवरून घरात रोज होणाऱ्या वादाने ते कधी पटले नव्हते. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास अंधुक दिसते, म्हणून गाडी चालवायला सोबत कोणी हवे. ही सूचना नाव नोंदवतानाच द्यायला हवी. आम्हाला ती थेंब घातल्यावर मिळाली.

दाब मोजण्याची तऱ्हा मात्र निराशाजनक होती. जिना चढून आलेले वडील खुर्चीत टेकतात न टेकतात तोच शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधला गेला आणि मोजणी चालू असताना त्यांना पत्ता विचारला जात होता. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून पुन्हा मोजण्याची विनंती केली, तेव्हा वरचा आकडा १६२ वरून १४६ वर आला.

रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) आणि ईसीजी यादीत आहेत, पण लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी नाही, हे न समजण्यासारखे आहे. मूत्रपिंडाची गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छच. त्या बिघडल्याची खूण क्रिएटिनिन वाढण्याच्या बऱ्याच आधी लघवीत दिसू शकते.

आहाराच्या छापील पत्रकात ओट्स आणि ऑलिव्ह तेल आहे. मिसळीवरचे फरसाण, पापड, लोणचे, खारवलेली मिरची यांचा उल्लेखही नाही. दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला कोल्हापुरात मोडतो तो याच पदार्थांपाशी.

चौकशी केल्यावर कळले की डोळ्यांची तपासणी स्वतंत्रपणेही करून मिळते. पुढच्या वेळी तेवढीच येथे करू. लघवीचा नमुना घराजवळच्या प्रयोगशाळेत देऊ.